एकवीस घरे आणि एक विसराळू यंत्र

१२ ऑगस्ट २००४, देवास. सकाळी नऊ.

यंत्र आले. मुलगा अंकुर याने अमेरिकेहून पाठविले. हे आंधळ्या माणसांनी नोंदी करण्याचे यंत्र आहे, असे त्याने पत्रात स्पष्ट लिहिले आहे. मुलांना तारतम्य नसते. मी आंधळा नाही, माझी दृष्टी मंद आहे. आजच मी खोलीतली खिडकी बोटाने दाखविली. ते कपाट निघाले. परंतु दारे दोन्हींस असतात.

ही रोजनिशी पुठ्ठ्यात कापलेल्या फटींतून लिहितो, म्हणजे ओळी एकमेकींवर चढत नाहीत. लिहिलेले मला वाचता येत नाही आणि इतर कोणास वाचण्याचा अधिकार नाही. अडतीस वर्षे कचेरीत दफ्तरी होतो. नोंद वाचली जाते की नाही, हे पाहणे दफ्तऱ्याचे काम नव्हे.

१५ ऑगस्ट. सायंकाळ.

मंडळाची बैठक. दरवर्षी नवरात्रात पाचव्या माळेस आमच्या एकवीस मराठी घराण्यांची पुकार होते. मी नाव घ्यायचे, त्या घराच्या कर्त्याने 'हाजिर' म्हणून देवीपुढे नारळ ठेवायचा. क्रम संस्थानच्या काळचा. १९५८ साली पुकारणाऱ्याकडून दोन घरे मागेपुढे झाली, तर त्यांपैकी एका घराने नऊ वर्षे मंडळाचे पाणी घेतले नाही.

एकतीस वर्षे पुकार माझ्याकडे आहे. वही माझ्या हातची, मोडीत. चौथीपर्यंतच शिकलो, पण त्या चौथीत मोडी होती. आता मंडळात ती वाचणारा दुसरा कोणी नाही.

सेक्रेटरी श्रीपाद म्हणाला की काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ, नावं एकदा सांगून टाका, आमची वैष्णवी हिंदीत लिहून घेईल. मी उजवीकडे वळून त्यास बाणेदार उत्तर दिले की वही माझ्याजवळ आहे आणि डोळे वहीजवळ आहेत. नंतर कळले की श्रीपाद माझ्या उजवीकडे नसून डावीकडे बसला होता.

१६ ऑगस्ट. दुपार.

वही उघडली. पान पांढरे. दुसरे पांढरे. सर्व पाने पांढरी. तासभर त्यांवर हात फिरविला, जणू शाई बोटांस लागेल. पत्नी जयवंतीस म्हणालो की उजेड कमी आहे. ती काही वेळाने म्हणाली की अहो, बारा वाजलेत दुपारचे.

वही मिटून ठेवली.

निश्चय क्रमांक एक : एकवीस नावे यंत्रात भरणे. कोणासही न सांगणे.

२ सप्टेंबर.

यंत्राविषयी तक्रारी नोंदवितो.

वजन विटेएवढे, गळ्यात पट्ट्याने अडकवावे लागते. दोन दिवसांत मान वाकली. कळा सहा आणि खाली एक लांब पट्टी. सहा ठिपक्यांची लिपी मी गेल्या हिवाळ्यात इंदूरला जाऊन शिकलो, केवळ कुतूहल म्हणून. इंग्रजी अक्षरे फायलींच्या पाठींवरून ठाऊक होतीच. परंतु यंत्राचा आवाज म्हणजे सर्दी झालेल्या गोऱ्याचा. मानाजीराव हे पहिल्या मानाचे घर. त्यांस तो 'मॅनॅजिरॅव' म्हणतो. खंडोजीरावांचे तर लिहवत नाही.

काल चुकीची कळ दाबली गेली. यंत्र 'हेल्प' म्हणाले. मला बरे वाटले. त्यानंतर चाळीस मिनिटे ते मला बाहेर पडू देईना. काहीही दाबले तरी हेल्प. कपाळास घाम. शेवटी नात शिवानी कॉलेजातून आली, एक कळ दाबली आणि म्हणाली की आजोबा, आप हेल्प में ही घुस के बैठे थे, किसी को आवाज़ क्यों नहीं दी? मी म्हणालो की मी यंत्राची परीक्षा घेत होतो.

११ सप्टेंबर.

कार्य सिद्धीस गेले. पाच तास लागले. डोळे काय, असतात नसतात. स्मरण पोलादी पाहिजे.

सायंकाळी नावे मोठ्याने म्हणून पाहिली. आठव्या नावास कुकरची शिटी झाली आणि साखळी तुटली. पुन्हा आरंभ केला. आठव्यासच जयवंतीने चहा विचारला. तिसऱ्या वेळी कोणी काही विचारले नाही, त्या शांततेनेच लक्ष विचलित झाले. या घरात एकाग्रतेस स्थान नाही.

२८ सप्टेंबर.

तीन दिवस वीज नव्हती. आली तर तासभर. यंत्राचे सर्व स्मरण बॅटरीत असते, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आज सुरू केले तर ते माझी ओळखच विसरले. शिवानीने कानास लावून ऐकले आणि म्हणाली की आजोबा, सब उड़ गया. सतरा दिवसांपूर्वीचे सर्व स्वच्छ! कचेरीत वाळवीनेही एवढी घाई केली नसती.

मी म्हणालो की काळजीचे कारण नाही, सर्व माझ्या डोक्यात आहे.

आज एक नवीन निश्चय केला, पूर्वी सुचला नव्हता याचे आश्चर्य वाटते. निश्चय क्रमांक एक : एकवीस नावे यंत्रात भरणे. कोणासही न सांगणे.

६ ऑक्टोबर. दुपारी तीन.

सर्व एकवीस नावे पुन्हा भरली. शिवानीने तपासले. म्हणाली की सात आहेत.

मी म्हणालो की यंत्राने चौदा गिळली. ती म्हणाली की आजोबा, ये भूलता नहीं है. या तो सब रखता है, या सब उड़ा देता है. बीच का नहीं करता. मी सुनावले की हिंदी शाळेत शिकलेल्यांनी मोडी जाणणाऱ्यास स्मरणाचे धडे देऊ नयेत. ती म्हणाली की तो मुझे सिखा दो ना, मैं लिख लेती हूँ. नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दीचे दिवस आहेत.

जयवंती स्वयंपाकघरातून आली. अगदी हळू विचारले की अहो, आठवं घर कुणाचं, सांगा बरं.

मी तिला समज दिली की पुकारीची नावे वेळेआधी, अवेळी, पदराला हात पुसणाऱ्या माणसासमोर घ्यावयाची नसतात. ती म्हणाली की बरं. कधीच नुसते 'बरं' म्हणत नाही. मला भीती वाटली. कशाची, ते लिहून ठेवण्याजोगे नाही.

१७ ऑक्टोबर. सकाळ.

उद्या पाचवी माळ.

व्यवस्था अशी : यंत्र उपरण्याखाली. त्याची तार कोटाच्या आतून, कानातील बोंडी टोपीखाली. वही हातात उघडी. यंत्र कानात नाव सांगेल, मी वाचल्यासारखे करून पुकारीन. आज तीनदा चालवून पाहिले. सात नावे व्यवस्थित देते आणि थांबते. पुढील चौदा जिभेवर आपोआप येतील. चालत्या बैलगाडीस पुन्हा ढकलावे लागत नाही.

सकाळपासून चार वेळा मोरीत जाऊन आलो. प्रकृती बरी नाही, असे कळविता येईल. परंतु प्रकृती बरी आहे, हीच अडचण आहे.

श्रीपादचा फोन आला. म्हणाला की काका, सगळं ठीक ना, नाहीतर मी बसतो तुमच्या बाजूला. मी म्हणालो की एकतीस वर्षे माझ्या बाजूस देवी असते. तो म्हणाला की हो, ते तर आहेच.

१८ ऑक्टोबर. पुकार आटोपून, घरी.

जसे घडले तसे नोंदवितो.

मंडप भरलेला होता. उदबत्तीचा वास, बायकांच्या बांगड्या, मग सर्व शांत. मानाजीराव. हाजिर. खंडोजीराव. हाजिर. कानात गोरा बोलत होता, तोंडाने मी. सातपर्यंत आवाज खणखणीत.

सातव्यानंतर यंत्राने इंग्रजीत सांगितले की फाइल संपली.

मी वहीचे पान उलटले. आणखी एक उलटले. डोक्यात हात घातला आणि तिथे पान नव्हते. आठवे नाव नव्हते. नववे नव्हते. पुढे घरेच नव्हती, मोकळे मैदान होते. किती वेळ गेला, ठाऊक नाही. माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू येत होता. १९५८ आठवले, तेवढे मात्र आठवले.

तेव्हा समोरून आठव्या घराच्या भवानीबाईंचा म्हातारा आवाज आला, "हाजिर." मी नाव घेतले नव्हते. नारळ ठेवल्याचा आवाज झाला. त्यांच्या मागून श्रीपादचे हाजिर. मग धवलचे, तो वडिलांच्या जागी प्रथमच बोलत होता. मग एकामागून एक. कोणी मागेपुढे झाले नाही. आपल्या आधी कोणते घर, हे प्रत्येक घरास ठाऊक होते. बहुधा एकतीस वर्षे ठाऊक असावे.

मी प्रसंगावधान राखले. प्रत्येक हाजिरनंतर, जणू मीच पुकारले अशा रीतीने, मान हलविली. कोणाच्या ध्यानात आले नसावे.

शेवटी पुन्हा शांतता झाली. मी मान हलविण्यास सिद्ध होतो. कोणी बोलेना. सर्व मंडप एका घरासाठी खोळंबला होता. असे कोणते बेपर्वा घर, म्हणून मी कपाळास आठ्या घातल्या आणि त्यांनी लवकर उत्तर द्यावे म्हणून वही बोटाने वाजविली.

जयवंती बायकांतून उठून आली. माझ्या हातातली वही काढून घेतली, त्या जागी नारळ ठेवला आणि कानाशी म्हणाली की अहो, आपलं घर राहिलंय.

मी हाजिर म्हणालो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा म्हणावे लागले.