माझी पेटी दिली

अहो सुतार,

तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली. आता ओरडायला येणार नाहीत, म्हणून सांगते. माझ्यासाठी केलेली शवपेटी मी देऊन टाकली.

तुम्ही जोडीनं दोन केल्या होत्या. तुमची तुम्ही नेलीत, माझीत मी गोधड्या ठेवत होते. परवा शेजारची इस्त्रीवाली वारली. होय, तीच, जिच्याशी माझं उभं भांडण. तिची लेक म्हणाली, "आजी, पेटी कुठून आणू? आईला चादरीतच न्यावं लागेल." माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी ने. मी काही आज मरत नाही."

सून चिडली. "बाबांच्या हातची शेवटची वस्तू होती ती!" मी म्हटलं, "बाई, प्रभू येशूला तरी कुठं स्वतःची कबर होती? एका भल्या माणसानं आपली दिली. प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्या माणसाला ती परत मिळाली. माझं एवढं नशीब नाही."

मग गोधड्या काढल्या. तळाच्या फळीवर तुमच्या पेन्सिलीचं अक्षर दिसलं. मला वाचायला वेळ लागतो, ठाऊकच आहे. लिहिलं होतं, "सावकाश ये."

जन्मभर एक गोड शब्द बोलला नाहीत. लिहिलात तोही असा, की मेल्यावर माझ्या पाठीखाली यावा!

मी तो पुसला नाही. इस्त्रीवालीबरोबर तसाच गेला. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा निरोप भलत्याच बाईला गेला असं समजू नका. मला पोचला.

तुमची, अजून इथंच असलेली,
बायको