बाबांचा कप आणि बुटकी इव्हो

ती. मोरॅगताईस,

धाकट्या लॅकीचा वाकून नमस्कार. (वाकून अशासाठी, की सध्या सरळ उभं राहता येत नाही. कारण पुढे येईलच.) क्वीन्सलँडच्या उन्हात तुझा गुडघा सुधारला असेल अशी आशा करतो. इथे गारठा पडायला लागलाय. मेंढ्या ठणठणीत, तुझी भावजय शोना ठणठणीत, ती चालवते ती शाळेची बसही ठणठणीत. ब्लफ बंदरातली कालवं यंदा चांगली मोठी निघालीत. तुझ्या वाटची मीच खाल्ली, राग मानू नकोस.

आता बातमी. ताई, बसली असशील तर उभी राहा. कप घरी आला! बाबांचा कप! गेल्या ख्रिसमसला तू फोनवर रडून म्हणालीस ना, "लॅकी, आपल्या बाबांचा कप आणि त्यात तो डूगल कपड्यांचे चिमटे ठेवतो, तुला लाज कशी वाटत नाही?" ते माझ्या काळजाला लागलं आणि कप घरी आणायचा शब्द मी तुला तेव्हाच दिला. आईने भाबडेपणाने तो मोटारींच्या क्लबला फिरता चषक म्हणून देऊन टाकला, आणि फिरता म्हणता म्हणता तो आपल्या चुलतभावाच्या धुण्याच्या खोलीत जाऊन कायमचा बसला. दर वर्षी गॉर्सी टेकडीवरची गाड्यांची चढाईची शर्यत डूगलच जिंकायचा आणि दर वर्षी मी जुन्या पिकअपमधून मेंढीचं कुत्रं शेजारी बसवून शेवटून दुसरा यायचो. लोक म्हणायचे, कुत्र्याला चालवायला दे.

म्हणून मी जपानहून लिलावातली जुनी गाडी मागवली. मित्सुबिशी इव्हो, पिवळीधमक. तिकडच्या लिलावाच्या कागदावर गाडीचं चित्र असतं आणि कुठे ओरखडा, कुठे पोचा याच्या खुणा असतात. त्या मी भिंगातून तपासल्या. आपल्या अर्ध्या गावाच्या गाड्या तिकडूनच येतात, त्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं असा माझा समज होता. (शोनाला सांगायचं तेवढं राहून गेलं. बंदरावरून फोन आला तो नेमका तिनेच घेतला. दोन दिवस मला फक्त गार चीझ रोल मिळाले, तेही कुत्र्याच्या नंतर.)

गाडी लिटलटन बंदरात उतरली आणि तपासणीवाल्यांना तिच्या गालिच्याखाली एक मेलेला किडा सापडला. एकच! बाहेरची कीड देशात शिरू नये म्हणून लगेच गाडी कोंडून भट्टीसारखी तापवली. आपल्या लोकर कातरायच्या शेडमध्ये ही माणसं एकदा आली तर काय काय तापवतील, या विचाराने मला झोप येईना. पण शेवटी गाडी ट्रकवर चढून आपल्या फाटकाशी आली, आणि तिथे माझी अक्कल गहाण पडली होती हे उघड झालं.

फोटोत उंची कळत नाही, ताई. पहिल्या मालकाने गाडी एवढी खाली बसवून घेतली होती, की तिच्या पोटाखालून सरडाही मान मोडून गेला असता. आणि आपल्या फाटकात काय आहे? गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून बाबांनी खड्ड्यावर टाकलेली लोखंडी दांड्यांची जाळी! त्या जाळीवरून बैल जात नाही, आता इव्होही जाईना. पुढची चाकं चढली आणि पोट टेकलं. आयुष्यभर त्या जाळीवरून ये-जा करणाऱ्या माणसाला गाडी घेताना नेमकी तीच आठवली नाही. तेवढ्यात देवाने पाठवल्यासारखा डूगल आला. (कुठल्या देवाने, ते विचारू नकोस.)

"काय रे लॅकी, गाडी घेतलीस की पायपुसणं?"

पंचक्रोशीत डांबरी वाट आणि सिमेंटची जमीन असलेली शेड एकाकडेच आहे, हे तुला ठाऊक आहे. अडीअडचणीला शेडची जागा मागितली तर आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, वैरीसुद्धा. म्हणून ज्याच्या नाकावर टिच्चून कप आणायचा, त्याच्याच शेडमध्ये माझी गाडी झोपू लागली. मेल्याने ती धुतलीसुद्धा! वर बाजारात मला हाक मारायचा, "तुझी बाहुली रात्री रडत होती रे!"

मग सरावाला म्हणून मी सीटवर बसलो. ती शर्यतीची सीट वाटीसारखी खोल असते आणि कुणा सडपातळ जपानी तरुणाच्या मापाची. आत जाणं जमलं. बाहेर येताना डूगल, दोन लोकर कातरणारे आणि थोडं लोकरीचं तेल लागलं. कमरेत तेव्हापासून उसण आहे. ते असो.

चढाईच्या दिवशी भुरभुर पाऊस. सगळं गाव गमबूट घालून कुंपणावर. डूगल आधी गेला, गुरगुरत, चिखल उडवत, आणि वर पोचल्यावर हात उंचावून सगळ्यांना दाखवला. मग आपली गाडी. सुरू करताच तिच्यातल्या बोलक्या यंत्रातली बाई नेहमीप्रमाणे गोड आवाजात जपानीत काहीतरी बोलली, आणि गाडी सुटली! पत्रपेटीजवळच्या आडव्या वळणाला सगळे ब्रेक मारतात. आपल्या गाडीने नुसता श्वास घेतला आणि वळली. (बाहेरून पाहणाऱ्याला तसं दिसलं.) वेळ मोजणाऱ्या मिसेस पॅगेटनी घड्याळ पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं आणि "अगं बाई!" एवढंच म्हणाल्या. डूगलचा विक्रम मोडला होता.

डूगल घरी जाऊन कप घेऊन आला. घासून लखलखीत केला होता. माझ्या हातात देत म्हणाला, "घे. आत एक चिमटा राहिलाय, तो माझ्याकडून." ताई, मी भर रस्त्यात रडलो. बाबांचं नाव बोटाने चाचपलं आणि आभाळ ठेंगणं झालं. आपण जिंकलो! तुझ्या भावाने शब्द पाळला!

तुझा विजयी,
लॅकी

ता. क. सोबत फोटो आहे. हेल्मेटमध्ये सगळेच सारखे दिसतात, तरी तू विचारण्याआधी सांगतो, ती शोना आहे. मी कुंपणावरचा, कंबर धरलेला.

आणखी ता. क. त्या दिवशी मला सीटमधून उपसून काढल्यावर शोना म्हणाली, "हो बाजूला, मी बघते." त्याच टेकडीवरून ती वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ बस नेते, मागे मुलं एकमेकांना चावत असताना. आत बसली आणि त्या जपानी बाईला म्हणाली, "तू पण गप्प बस, नाहीतर पुढे आणून बसवीन." डूगल म्हणतो, शोनाकडून हरलो त्याचं काही नाही, लॅकीकडून हरलो असतो तर गाव सोडलं असतं. कपावर बाबांच्या खाली तिचं नाव कोरायचं ठरलंय, आणि खरं सांगू? शोभतं.

शेवटचं ता. क., आणि पत्र खरं तर याचसाठी. गाडीची किल्ली ती त्या कपात ठेवते आणि कप ठेवते तिथे माझा हात पोचत नाही, कमरेमुळे. जग इकडचं तिकडे झालं तरी तुझं ती ऐकते. तेवढा एक फोन कर. म्हणावं, लॅकीला एकदा चालवू दे. डूगलच्या शेडपासून आपल्या फाटकापर्यंतच. जाळीच्या पुढे गाडी तशीही जात नाही.