काकांचं ठोकणं

३ डिसेंबर
एकदाचं डोक्यावर छप्पर आलं. कारखान्यात रुजू झालो आणि त्याच दिवशी वरच्या मजल्यावरची ही खोली मिळाली. खाली घरमालक एकटेच राहतात. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणतात. त्यांच्या कोळशाच्या शेगडीचं धुराडं माझ्या भिंतीतून वर जातं, म्हणजे मला फुकटात ऊब. थंडीपुरता त्यांचा एक नियम आहे. सकाळी उठले की ते काठीने छताला ठोकणार आणि मी वरून पाय आपटायचा. दोघंही ठीक आहोत, एवढाच त्याचा अर्थ. ठोकलं नाही तर लगेच खाली यायचं, असं त्यांनी बजावलं. मी हसून मान डोलावली.

९ डिसेंबर
थंडीने कहर केलाय. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्ट्या लावल्या. कपाटामागे धुराड्याच्या भिंतीत एक भोक सापडलं. पूर्वी तिथे दुसऱ्या शेगडीची नळी असावी. रात्री शेगडी विझली की त्यातून गार वारा आणि काजळी येते. काकांना सांगावं म्हटलं, पण ते गवंडी बोलावणार आणि तो आठवडाभर तंगवणार. मग फाटकी रजईच गच्च कोंबली. जरा जास्तच आत गेली, पण खोली कशी मस्त झाली. स्वतःवरच खूश आहे.

१२ डिसेंबर
काकांचं डोकं दुखतंय. वय झालं, म्हणाले. दारं-खिडक्या बंद ठेवा, मफलर सोडू नका, असा मीच त्यांना शहाणपणा शिकवला.

१४ डिसेंबर
सकाळी काकांनी ठोकलं नाही. मला जाग होती. पांघरुणातून निघायचा कंटाळा केला. झोपले असतील, म्हटलं.
दुपारी दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, शेगडीचा धूर बाहेर गेलाच नाही. सकाळी कुणी आलं असतं तर कदाचित वाचले असते.
खाली त्यांची भाची रडत होती, तेव्हा मी वर रजई ओढून काढत होतो. कचऱ्याच्या गाडीत टाकून आलो. भाचीला म्हणालो, शेगडी जुनी झाली होती. तिने माझे हात धरले. मामांना तुमची सोबत होती, म्हणाली. माझीच मला किळस आली.

२० डिसेंबर
खाली कुलूप आहे. शेगडी भंगारात गेली. तरी माझी भिंत गरम आहे.
सकाळी खालून ठोकलं. पाय आपटायची हिंमत झाली नाही.

२१ डिसेंबर
पुन्हा ठोकलं. खाली जाऊन पाहिलं, कुलूप तसंच. उद्या भाची येणार आहे. तिला सगळं सांगून टाकतो.

२२ डिसेंबर
नाही सांगितलं. शब्द ओठांवर आले आणि चहाबरोबर गिळले. जाताना म्हणाली, मामांच्या खोलीत अजून ऊब वाटते.

२३ डिसेंबर
कपाट सरकवलं. भोकात रजई आहे. तीच, काजळीने माखलेली. कडेने धूर येतोय. ओढतोय, पण निघत नाही — आतून कुणीतरी धरल्यासारखी —

२४ डिसेंबर
डोकं ठणकतंय. काकांचंही असंच —
खिडक्यांच्या पट्ट्या सुटत नाहीत. मीच लावल्या, चांगल्या घट्ट. दारापर्यंत पाय नेत नाहीत.
भाचीला सांगा. रजई मी कोंबली. त्या सकाळी मी जागा होतो —
ठोकतायत. विचारतायत. पाय आपटायचाय — उचलत नाही — काका, मी आ