न कापलेली अकरा मिनिटं

प्रिय ताई,

हेडफोन घेतले का, असं तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा "बघते" म्हणाले. चौथ्यांदा विचारशील तेव्हा मागून भाऊजी ओरडतील, "अगं, पुढच्या वाढदिवसापर्यंत बघू दे तिला!" म्हणून त्याआधीच लिहिते. तुझी वाढदिवसाची भेट मला नको आहे असं मुळीच नाही. फक्त ती घेण्याआधी तुला काही सांगायला हवं, आणि ते फोनवर जमणार नाही.

मंगळवारी दुकानात जाऊन आले. दुकानदार साठीचा, मोजकं बोलणारा. त्याने आधी माझे जुने हेडफोन उलटसुलट करून पाहिले. डाव्या कानाची गादी मी चिकटपट्टीने बांधली आहे, वायर मुळाशी दोनदा जोडली आहे. "फार राबवलंत हो यांना," म्हणाला, "आता पेन्शन द्या." मग त्याने नवे काढले आणि गाणं लावायला निघाला. मी थांबवलं. ऐकायचं साधन पारखायचं तर आपल्या सगळ्यात ओळखीच्या आवाजावर पारखावं, असा माझा नियम आहे. माझ्याकडे तसा एकच आवाज आहे. मी बाबांचं भूगोलाचं पुस्तक लावलं.

तू इथे नव्हतीस, म्हणून आमच्या कामाची रीत सांगते. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी आमचं ग्रंथालय शाळेची पुस्तकं आवाजात भरून ठेवतं. आई गेल्यावर बाबा घरात नुसते फिरत राहायचे, म्हणून मीच त्यांना या कामाला बसवलं. आईचं कपाट रिकामं केलं, आतून गोधड्या ठोकल्या, माईक टांगला आणि समोर खुर्ची ठेवली. चाळीस वर्षं वर्गात ओरडलेला माणूस कपाटात तोंड घालून हळू आवाजात नद्या वाचू लागला. "शेवटी गप्प बसायला कपाटच लागलं," असं स्वतःच म्हणायचे. ते वाचत आणि मी साफ करी. साफ करणं म्हणजे खुर्चीची करकर, पानाची सळसळ आणि श्वास काढून टाकणं. प्रत्येक श्वास कापायचा आणि त्या जागी खोलीच्या शांततेचा तेवढाच तुकडा बसवायचा. जोड कोणाला ऐकू येता कामा नये. माझे जोड ऐकू येत नाहीत, याचा मला अभिमान होता.

दुकानात ते सगळे ऐकू आले. नव्या हेडफोनमध्ये बाबा इतके जवळ होते की मी मान वळवली. पण दर वाक्यानंतर ते नाहीसे व्हायचे. अर्धा सेकंद तिथे कोणी नसायचं, मग पुन्हा आवाज. जुन्या हेडफोनची स्वतःची एक बारीक खरखर आहे, तिच्यात हे बुजून जायचं. दोन वर्षांत सात पुस्तकं झाली, ताई. सातही पुस्तकांत बाबा एकदाही श्वास घेत नाहीत. ग्रंथालयाने फाईल स्वीकारली की कच्चं रेकॉर्डिंग पुसायचं, हा नियमही माझाच. मी तो काटेकोर पाळला.

एक धडा सोडून. शेवटचा धडा वाचून झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी आपण दवाखान्यात होतो, त्यामुळे तो साफ करायचा राहिला. अकरा मिनिटं आहेत. मी ती घरी जुन्या हेडफोनवर एकदा ऐकली होती, काही विशेष वाटलं नव्हतं. दुकानात लावली. बाबा वाक्य मध्येच तोडतात, मग कागद कशाला तरी घासल्याचा आवाज येतो, आणि त्या कागदाच्या आडून, दबलेला, धाप लागल्यासारखा श्वास. मग कागद बाजूला होतो आणि ते पुढचे तीन शब्द वाचतात. दर वेळी हेच. ते पुस्तक तोंडावर धरत होते. श्वास माईकपर्यंत जाऊ नये म्हणून.

तसं करायला मीच लावलं होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून साफसफाईला वेळ जास्त लागू लागला, तेव्हा मी कारण शोधलं. माझ्या कामाच्या वहीत ते आहे. पहिल्या पुस्तकात मिनिटाला नऊ-दहा श्वास होते, सातव्यात सतरा-अठरा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय, "वाचक वाक्य मध्येच तोडतो. सूचना दिली." बाबा नाही लिहिलं, वाचक लिहिलं. सूचना दिली तेव्हा ते हसून म्हणाले, "काय गं इन्स्पेक्टर, आता श्वासही तुला विचारून घ्यायचा का?" मी म्हणाले, "घ्या, पण तोंड बाजूला करून घ्या." मला तेव्हा फक्त वाढलेलं काम दिसत होतं. तूही वॉर्डात श्वास मोजतेस, पण तुझ्या कागदावर हा आकडा वाढला असता तर तू धावत डॉक्टरांना गाठलं असतंस. मी सरासरी काढली.

मी हेडफोन काढून काउंटरवर ठेवले. दुकानदाराने विचारलं, "आवाज पटला नाही का?" फार चांगला आहे, म्हणाले. "मग?" मी जुने हेडफोन पिशवीत भरले. तो खोका बंद करून मागच्या फळीवर ठेवायला गेला. परत येऊन म्हणाला, "शनिवारपर्यंत कोणाला देत नाही. वडील का?" मी मान हलवली.

आता जे सांगायचं ते. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकल्याने छातीत पाणी साठलंय, धाप तीन-चार महिने तरी लागत असणार, घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही का? तू माझ्याकडे पाहिलंस. घरात मीच होते. मी म्हणाले, "नाही, काहीच जाणवलं नाही." तू लगेच माझ्या पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "बाबा लपवण्यात पटाईत, तू काय करणार." बाबा गेल्यापासून हे चार महिने तू स्वतःलाच दोष देते आहेस, की तू नर्स असून फोनवर त्यांच्या आवाजातली धाप ओळखू शकली नाहीस. ते ऐकत मी गप्प राहिले. माझ्या वहीत तारखेसकट सगळं होतं, ताई. लपवलं बाबांनी, पण माझ्या सांगण्यावरून. वहीची ती पानं सोबत पाठवते आहे. तुला आकडे वाचता येतात. जुने हेडफोन मला सोयीचे होते, आता ते वापरायचे नाहीत एवढं माझं ठरलंय. पण नवे तुझ्याकडून, तुला हे माहीत नसताना, मी घेऊ शकत नाही. हे वाचूनही "घे" म्हणालीस तर शनिवारी घेईन. आणि तू येशील तेव्हा, आलीस तर, आधी तुझ्या कानांवर लावीन. त्या अकरा मिनिटांना मी हात लावलेला नाही, लावणारही नाही.

तुझीच,
इन्स्पेक्टर