मामानं पाहिलेली शाळा

धावडा, तालुका भोकरदन
७ अमरदाद, सन १३४७ फसली

चिरंजीव भुजंगास साळूअक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली तू कळवशील तेव्हा कळेल, म्हणजे दिवाळीपर्यंत वाट पाहणं आलं.

पत्राचं कारण झुंबर. पोरीला सात वर्षं पूर्ण झाली आणि शाळेत जायचं म्हणून ती हटून बसली आहे. गावात सरकारी शाळा निघून दोन वर्षं झाली. मराठी शिकवतात, पुढं उर्दूही. पण तिथं अजून एकही मुलगी नाही. मी पदर सावरून काकासाहेबांपुढं विषय काढला. सासरे आमचे एकदम नाही म्हणत नाहीत, आधी खोकतात. खोकून झाल्यावर त्यांनी सांगितलं की तुझा भाऊ इंग्रजी मुलखात ऱ्हातो, कापसाच्या पेढीवर लिव्हणं करतो, त्यानं चार शाळा पाह्यल्या आसतील. त्यानं शाळा बघावी. त्यो बराबर हाय म्हणला तर पोर जाईल, न्हाई म्हणला तर बिलकुल न्हाई, मंग हातात खुरपं आन् दोन सालानं पाहुणे बघायला.

तर माझ्या पोरीचं सारं आता तुझ्या तोंडावर आहे. त्या तोंडाचा मला अनुभव आहे. माझ्या लग्नात नवरदेवापेक्षा घोडी देखणी आहे, असं तू भर मांडवात सांगितलं होतंस. म्हणून विनवते, भुजंगा, खरं ते लिही, पण नीट बघून लिही.

आमची पत्रं लिहिणारा रखमाजी दुकानदार लग्नाला गेला आहे, म्हणून हे दुसऱ्याकडून लिहून घेतलं. वहिनीला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे, जरा पायधूळही झाडत जा.

तुझी अक्का

---

बुलढाणा
रविवार, २६ जून १९३८

तीर्थरूप साळूअक्कास भुजंगाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमच्या संस्थानी सरकारचे फसली महिने मला उमजत नाहीत, पण पत्र पोचलं तेव्हा शाईचा वास येत होता, म्हणजे ताजंच असावं.

तुझी आज्ञा झाली आणि मी परवा शुक्रवारी सरकीच्या गाड्यांबरोबर धावड्याला उतरलो. घराला कडी, सगळे पेरणीला गेलेले. गाड्या अर्धा घंटा थांबणार होत्या. म्हटलं, बहिणीच्या हातचा चहा बुडाला तर बुडाला, विद्येचं मंदिर तरी पाहू.

अक्का, काय सांगू! ऐन अकरा वाजता मंदिराला कुलूप. हजेरीला एक शेळी. ओट्यावर मधोमध बसली होती आणि माझ्याकडं अशी बघत होती की मीच उशिरा आलोय. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं तर कळलं, मास्तर भोकरदनला गेलेत. वा! पगार धावड्याचा आणि हवा भोकरदनची. खिडकीतून डोकावलो. आत कोपऱ्यात पायलीभर चिंचोके. मास्तर वर्गात भाजून खात असणार, बसून बसून भूक लागतेच. फळ्यावर अर्धं गणित, बहुधा होळीपासून अर्धंच आहे. छपराला भोक एवढं मोठं की खगोलशास्त्र फुकट शिकता येईल.

इथं आमच्या शाळेला दोन मजले आहेत, घंटा आहे, शिपाई आहे. मी त्या शाळेवरून रोज जातो, म्हणून मला शाळा म्हणजे काय ते कळतं. धावड्याची ती शाळा नव्हे, शेळीची धर्मशाळा. मास्तर आळशी, कामचोर आणि सरकारचा जावई दिसतो. त्याच्यापेक्षा शेळी बरी, ती निदान जागेवर असते. काकासाहेबांना माझा निकाल सांग, पोरीला पाठवू नका.

एक मात्र बोललंच पाहिजे. तुझं पत्र ज्यानं लिहिलं त्याचं अक्षर म्हणजे मोत्याची ओळ. काना-मात्रा जिथल्या तिथं. असा माणूस गावात असताना त्या आळशाला कशाला ठेवलंय? यालाच शाळेवर नेमा की.

काकासाहेबांना दंडवत, झुंबरला गोड पापा. मोठ्या बहिणीची माया आटत नसते, या भरवशावर थांबतो.

तुझा भुजंग

---

धावडा
२ शहरेवर, सन १३४७ फसली

चिरंजीव भुजंगास आशीर्वाद. आशीर्वाद सवयीनं दिला आहे, हातात दुसरंच काही होतं.

तू गाढव आहेस, हे आधी लिहून घेते. तुझ्या इंग्रजी मुलखात सुट्टी रविवारी असते. आमच्या सरकारात ती शुक्रवारी असते. हे इथल्या शेळीलासुद्धा ठाऊक आहे, म्हणून ती शुक्रवारी ओट्यावर येऊन बसते. बाकीचे सहा दिवस पोरं तिला टेकू देत नाहीत. चिंचोके पोरं बेरीज-वजाबाकीला घेतात. वेशीपासून हाकेवर आमचं शेत, तिथं येऊन एक तांब्या पाणी पिऊन गेला असतास तर हे सगळं तिथंच कळलं असतं.

आणि दुसरं. तुझं पत्र आलं तेव्हा रखमाजी लग्नाहून यायचाच होता. मला अक्षर ओळखू येत नाही, हे तू विसरलास. गावात रखमाजीनंतर मराठी लिहिणारा-वाचणारा माणूस एकच, तो म्हणजे शाळेचे मुबारक मास्तर. माझं आधीचं पत्र त्यांनीच लिहिलं होतं. तुझं पत्र वाचायलाही तेच आले.

आमच्या घरच्या ओट्यावर काकासाहेब, ह्यांचे दोन चुलतभाऊ, मी दाराआड. मास्तरांनी वाचायला घेतलं. शेळीपाशी सगळे हसले. पुढं कामचोर आलं, सरकारचा जावई आला. मी पदराआडून मास्तरांना हातानं खुणावलं की राहू द्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुढची ओळ वाचली. आवाज चढला नाही, पडला नाही. काकासाहेबांना दंडवत ज्या आवाजात वाचला त्याच आवाजात स्वतःला आळशी वाचलं. पोरीला पाठवू नका, हेही वाचलं. मग घडी घालून कागद काकासाहेबांच्या हाती दिला, पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. झुंबर माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली. मीही रडले, तुला सांगायला काय लाज.

काकासाहेबांनी कागद बंडीत ठेवला. खोकलेसुद्धा नाहीत. एका माणसानं वाचलेल्या कागदावर ते कधी विश्वास ठेवत नाहीत. मग जमिनीचा असो की लग्नाचा. दुसऱ्या दिवशी रखमाजी परतला तेव्हा तुझं पत्र घेऊन त्याच्या दुकानात गेले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतलं. शब्दाला शब्द जुळला.

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं की, मी जिंदगीभर कागद वाचून घेऊन राह्यलो, हरेक वाचणारा आपल्या सोयीचं वाचतो. सोताला दिलेल्या शिव्या बी ज्यानं वाचताना गिळल्या न्हाईत, त्याच्या हाती पोर द्यायला मला भेव न्हाई. भुजंगानं शाळा पाह्यली, म्या मास्तर पाह्यला.

शनिवारपासून झुंबर जाते. एकटी पोरगी आहे, पुढं बसते. पोरांनी दोन दिवस चिडवलं, तिसऱ्या दिवशी तिनं एकाची पाटी फोडली, आता बरं चाललं आहे.

एक विचारायचं होतं. तुझी लेक नंदी नऊ वर्षांची. दोन मजले, घंटा, शिपाई, आणि तू रोज तिथून जातोस. मग ती घरी का रे? त्या शाळेतही शेळी आहे का?

राग गेला की पुन्हा माया लावीन.

तुझी अक्का

ता. क. साळूबाईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे. गाढव हा शब्द त्यांचा आहे. मी दोनदा विचारून घेतलं, त्या ठाम होत्या. त्या शुक्रवारी भोकरदनला पाट्या आणायला गेलो होतो. छपराबद्दल आपण लिहिलंत ते सोळा आणे खरं आहे, त्या ओळी नकलून वर तालीम म्हणजे शिक्षण खात्याला पाठवल्या आहेत. सरकारला माझ्या शब्दांची सवय झाली आहे. — मुबारक

---

बुलढाणा
१९ जुलै १९३८

तीर्थरूप अक्कास साष्टांग नमस्कार. मास्तरसाहेब, तुम्हालाही नमस्कार, कारण पहिले वाचणार तुम्हीच. मी आपली माफी मागतो. ही ओळ ओट्यावर वाचताना आवाज थोडा चढवलात तरी चालेल.

अक्का, तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर म्हणून रोज एक चुरचुरीत वाक्य जुळवत होतो आणि रोज ते खोटं निघत होतं. नंदी घरी का, याला कारण काहीच नव्हतं. शाळा चांगली आहे. पोरगी हुशार आहे. घरात ना म्हणणारं कुणी नाही. कुणी विचारलं नाही म्हणून मीही विचारलं नाही, एवढंच.

काल तिला घेऊन गेलो. हेडमास्तरांनी वय विचारलं. नऊ म्हटलं. एवढे दिवस काय करत होता, असं त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. मी टाक उचलून तिचं नाव लिहून दिलं.

तिला बिगरीत बसवलं, पाच वर्षांच्या पोरांत. सगळ्यांपेक्षा हातभर उंच दिसते. घरी आल्यावर तिनं मला विचारलं की झुंबर पण तिच्या वर्गात अशीच मोठी दिसते का. मी नाही म्हटलं. का नाही, हेही तिनं विचारलं. तेव्हा सांगावं लागलं की तुझ्या आत्याला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ती वेळेवर जागी झाली. बापाला येतं.

माया लावायची की नाही ते तू ठरव. मी वाट पाहतो आहे.

तुझा भुजंग