तीन पानांचा नकार

३ मार्च

लिही — आजपासून माझे दिवस कागदावर! त्र्याहत्तर वर्षं जगले, अक्षर शिकले नाही, आणि एका दिवसाची नोंद कुठे नाही. तोंगमेइ विचारते, "आजी, मलाच सांगून लिहून घ्यायची ती कसली गं खासगी वही?" म्हटलं, लेखणी हातात आहे तोवर तू माझी नात नाहीस, शाई आहेस. शाईनं मधे बोलायचं नसतं.

६ मार्च

फान बाई, म्हणजे हिच्या इंग्रजीच्या बाई, घरी आल्या होत्या. लानचौ शहरातली एक मोठी शाळा खेड्यांतल्या मुली निवडणार आहे. प्रत्येकीला एकेक इंग्रजी शब्द दिलाय. त्याचा अर्थ काय, तो वापरायचा कसा, जन्मला कुठे — सगळं तीन मिनिटांत उभं राहून सांगायचं. हिच्या वाट्याला आलाय 'कम्पॅनियन'. म्हणजे सोबती. झालं की! उरलेली मिनिटं काय करणार?

पण अट आहे. निवड झाली तर शाळेजवळ खोली घ्यायची आणि घरच्या एका मोठ्या माणसानं सोबत राहून पोरीला रांधून घालायचं. आपल्या गावातल्या चार म्हाताऱ्या अशाच गेल्या आहेत. हिचे आईबाप दक्षिणेला कारखान्यात कपडे शिवतात, नवीन वर्षाला तोंड दाखवतात. म्हणजे राहिले मी.

मी जाणार नाही. सहाव्या मजल्यावर, खाली माती नाही, समोर दुसऱ्याची भिंत — नाही! कोंबड्या कोण बघणार? बटाटे कोण लावणार? लिहिलंस? जाड अक्षरात लिही.

९ मार्च

बटाट्याचे डोळे कापत बसलो होतो. ती शब्दाचं कूळ सांगत होती. फार जुन्या एका भाषेत 'कोम' म्हणजे एकत्र, 'पानिस' म्हणजे पाव. एकाच पावातलं जो मोडून खातो तो सोबती. आणि सोबत्याला आपला चिनी शब्द 'हुओपान'? पूर्वी म्हणे दहा शिपायांना मिळून एक चूल असायची. हुओ म्हणजे आग. एका आगीवरचे ते हुओपान.

म्हटलं, त्यांनी पाव लक्षात ठेवला, आपण चूल. भाजणाऱ्या बाईला मात्र दोघंही विसरले!

पोर इतकी हसली की बटाट्याऐवजी बोट कापणार होती.

१० मार्च

बोट कापलंच.

१६ मार्च

आज घरात रडारड. हिनं भाषणात वर्गमैत्रिणींना सगळ्यांना 'कम्पॅनियन' करून टाकलं होतं. फान बाईंनी खोडलं. "नुसत्या बाकावर शेजारी बसणारीला म्हणत नाहीत. खूप दिवस, खूप वाट बरोबर काढावी लागते." मग हिनं माझं नाव घातलं. तर बाई म्हणाल्या, जुन्या काळी श्रीमंत म्हातारीकडे पगारावर राहणाऱ्या बाईलाही हाच शब्द होता, नीट समजावून सांग.

मी विचारलं, "मग आपल्यात पगारी कोण?"

"तू. पण तुझा पगार थकलाय," म्हणाली डोळे पुसत.

२३ मार्च

निवडीसाठी तालुक्याला जाऊन आली. मला बस लागते म्हणून मी गेले नाही. तीन मिनिटं बोलली म्हणे. काय बोललीस? तर म्हणे, "आईबाबा कामाला दक्षिणेला गेले तेव्हा मी एक वर्षाची होते. तेव्हापासून अकरा वर्षं जिनं वाफेवरचा पाव फोडून मोठा तुकडा मला दिला, ती माझी सोबती."

खोटं! मोठा तुकडा पुष्कळदा मीच खाल्लाय.

(हे तिनं लिहायला वेळ लावला.)

५ एप्रिल

थडगी झाडायचा दिवस. आमच्या म्हाताऱ्याच्या मातीवरचं गवत काढलं, त्याच्यासाठी दारू ओतली, थोडी मीही घेतली. विचारलं, पोरीची निवड झाली तर काय करू रे? गप्प. जिवंत असतानाही अवघड प्रश्न आला की असाच गप्प बसायचा.

तोंगमेइ मागे उभी होती. तिनं ऐकलं असणार.

८ एप्रिल

शाळेचं पत्र आलं. तिनं उंबऱ्यात उभं राहून भरभर वाचून दाखवलं — निवड झाली नाही, वाईट वाटून घेऊ नये, खूप शुभेच्छा. आणि जेवायला बसली. दोन वाडगे शेवया खाल्ल्या. डोळ्यांत टिपूस नाही.

तीन पानं होती. नकाराला तीन पानं! शेवटच्यावर हा एवढा लाल शिक्का. शहरातले लोक नाही म्हणायलासुद्धा किती कागद घालवतात.

आता खरं लिही. मला हायसं वाटलं. पोरीचं एवढं मोडलं आणि आजीला हायसं वाटलं! थांबलीस का? लिही. आजीला लाज वाटली, हेही लिही. बटाटे आता निवांत लावता येतील, असं मनात आलं, आणि मग बटाट्यांकडे बघवेना.

११ एप्रिल

आजचं अक्षर फान बाईंचं आहे. पोर वर्गात आहे, मी बाईंच्या खोलीत. पत्र तिच्या गादीखालून काढून आणलं आणि बाईंकडून वाचून घेतलं. पहिल्याच ओळीत निवड झाल्याचं आहे. तिसऱ्या पानावर सोबत राहणाऱ्या मोठ्या माणसासाठी जागा होती. तिथे माझा अंगठा उठवला. ते पान पोस्टात पडलं.

पोरीला मी काही सांगणार नाही. संध्याकाळी लिहायला बसली की म्हणेन — आधी मागचं पान वाच. मोठ्यानं, आणि सावकाश.