नऊ तारखेची दुरुस्ती

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखरच जमिनीवर आडवा होऊन घातला. कंबर धरली, म्हणून पलंगावर पडून लिहितो आहे. अक्षर तिरकं दिसलं तर ते लाजेने झालं असं समज.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारायला तोंड राहिलेलं नाही, कारण गेल्या मंगळवारी माझ्या पेपरने ती सगळ्या गावाला परस्पर कळवून टाकली. भाऊजींचा गुडघा, मांजरीची पिल्लं, शिवणवर्गातल्या मुली, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. तू फोन उचलत नाहीस, त्यामुळे धरूनच चालावं लागतं.

झालं कसं ते सांगतो. एकोणतीस वर्षं मी ‘आजच्या दिवशी’ हे सदर भरतोय. माझ्या टेबलामागे बुटांच्या खोक्यांत वर्षाचे सगळे दिवस ओळीने लावलेले असतात. जन्म पांढऱ्या कार्डावर, मृत्यू गुलाबी कार्डावर. (गुलाबी कार्डं दुप्पट घेऊन ठेवली होती, स्वस्त होती म्हणून. जेवढे जन्मतात तेवढेच मरतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.) पान लावणाऱ्या बाईंना मीच शिस्त लावली आहे, की मजकूर वाचत बसायचं नाही, रंग बघायचा आणि त्या रकान्यात टाकायचं. एकदा त्या कुणा शास्त्रज्ञाचं कार्ड वाचून हळहळत बसल्या, तर मी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं.

तुला यंदा पंचाहत्तर पूर्ण होतायत, हे मला ठाऊक होतं. (वर्षं मला पाठ असतात.) म्हटलं, जन्मभर राजेरजवाड्यांचे वाढदिवस छापले, एकदा आपल्या ताईचा छापू. संपादक त्या आठवड्यात रजेवर होते, म्हणजे विचारायचाही प्रश्न नव्हता. तारखेचं म्हणशील तर तू कधी सांगितली नाहीस आणि मी कधी विचारली नाही. पण मला पक्कं आठवत होतं. मी सहा वर्षांचा होतो, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तुला नवे कपडे होते आणि जो तो तुझंच कौतुक करत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबांनी नऊ तारखेला लाल गोल काढला होता. वाढदिवसाशिवाय एवढा थाट कशाला असेल?

आणि नेमकी पांढरी कार्डं संपली! गुलाबी कार्डावर तुझं नाव, ‘पहिल्या महिला शिवणवर्गाच्या संस्थापिका’ आणि जन्माचं वर्ष लिहिलं. बाईंना तोंडी सांगणारच होतो, पण तेवढ्यात एका आरमारप्रमुखाच्या सालावरून मुद्रितशोधकाशी माझी जुंपली. बाईंनी रंग बघितला. सकाळी तू त्या आरमारप्रमुखाच्या आणि एका गायिकेच्या मधे, मृत्यूच्या रकान्यात. साल तुझ्या जन्माचंच राहिल्यामुळे तू पंचाहत्तर वर्षांपूर्वीच गेलीस असं छापलं गेलं. लोक साल वाचत नाहीत ग, नाव वाचतात.

पुढचं भाऊजींनी फोनवर सांगितलं. ते दाढी अर्धी टाकून पेपर हातात घेऊन स्वयंपाकघरात आले, तू आहेस याची खात्री केली आणि मगच उरलेली दाढी केली. दार तूच उघडलंस आणि फुलं घेऊन आलेली तुझी जुनी विद्यार्थिनी पायरीवरच मटकन बसली. तिला पाणीही तूच पाजलंस. मी माफी मागत होतो तर भाऊजी म्हणाले, “अरे, तिला मारलंस ते मारलंस, पण आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाच मुहूर्त सापडला का तुला? तिचा वाढदिवस एकोणीसला असतो!”

ताई, म्हणजे तो लाल गोल तुझ्या लग्नाचा होता. त्या संध्याकाळी तू गाडीत बसून गेलीस आणि मी दारामागे रडत बसलो, हेही मला आठवत होतं. फक्त ते या तारखेला जोडायचं मी टाळलं असणार. पन्नास वर्षं तू गेलीस तोच दिवस मी तुझा दिवस म्हणून धरून बसलो, आणि तू दोन रस्ते पलीकडे राहत होतीस. जेवायला बोलावलंस की मी उद्याचं पान अडलंय म्हणायचो. मेलेल्या माणसांसाठी मी रोज वेळेवर हजर राहिलो, याची आता फार लाज वाटते.

भाऊजींना नमस्कार.

तुझा चुकलेला,
धाकटा

ता.क. : संपादक परत आले आहेत. ‘मी जिवंत आहे’ असं तुझ्या हातचं सहीनिशी आल्याखेरीज दुरुस्ती छापता येत नाही, म्हणतात. माझी नोकरी त्यावर अडली आहे. तेवढं लिहून पाठव.

ता.क. दुसरा : वरचं खोटं आहे. दुरुस्ती दहा तारखेलाच छापली, तुझ्या सहीशिवाय. तू बोलत नाहीस, म्हणून निदान दोन ओळी तरी मिळाव्यात असं वाटलं.

ता.क. तिसरा : एकोणीसची रजा टाकली आहे, एकोणतीस वर्षांतली पहिली. पांढरी कार्डं आली. त्यातलं एक कोरं सोबत ठेवतो आहे. तुझी जन्मतारीख तूच घाल. मी येईन तेव्हा दारातूनच माझ्या हातात दिलंस आणि आत घेतलं नाहीस, तरी मी ते घेऊन जाईन.